टोचन लावताय? मग मागच्या गाडीत कोण बसलंय ते आधी बघा

आज निवडणूक नाही, फॅक्टरी नाही, धानाचा बोनसही नाही. आज टोचनवर लिहितोय. विषय बारका वाटेल, पण पूर्ण वाचा. तुमच्यापैकी निम्म्या लोकांनी हे कधी ना कधी केलेलं आहे आणि उरलेल्यांच्या मोटरसायकलसमोरून ते गेलेलं आहे.

शब्द ज्यांना नवा असेल त्यांच्यासाठी सांगतो. बंद पडलेली गाडी दोराने, साखळीने नाहीतर लोखंडी दांड्याने दुसऱ्या गाडीमागे बांधायची आणि चारही चाकं रस्त्यावरच ठेवून ओढत न्यायची, याला आपल्याकडे टोचन म्हणतात. इंग्रजीतल्या टो-चेनचं ट्रकवाल्यांनी टोचन केलं असावं. पूर्वी हे ट्रक-ट्रॅक्टरवाल्यांचं काम होतं. त्यांच्याकडे साखळी असायची, क्लिनर असायचा आणि मुख्य म्हणजे सवय असायची.

आता चित्र बदललं. घरोघरी थार आली. कुणी लिलावातली जुनी मिलिटरी जीप हौसेने घेतली. कोका, नागझिरा, उमरेड-पवनी-कऱ्हांडला इकडे सफारीच्या जिप्सी धावतात, त्यातल्या कितीतरी जुन्या झाल्यात आणि नवी जिप्सी मारुतीने बनवणंच बंद केलंय. रविवारी वैनगंगेच्या रेतीत गाडी घालून रील काढणारी पोरं वेगळीच. या गाड्या बंद पडतात तेव्हा पुढे काय जोडलं जातं? घरातली दुसरी गाडी. म्हणजे भावाची, मेहुण्याची, मित्राची छोटी एसयूव्ही. मागे पावणेदोन टनाची थार आणि पुढे सव्वा टनाची गाडी. बैल मागे न् वासरू पुढे!

मे महिन्यात ठाणा पेट्रोलपंपाजवळ संध्याकाळी टपरीवर चहा घेत उभा होतो. दिवेलागणीची वेळ. एक पांढरी छोटी एसयूव्ही साकोलीकडून आली, मागे दहा-बारा हातांवर थार. दोन्ही गाड्या चाळीस-पन्नासच्या स्पीडने. दुभाजकाच्या कटमध्ये एक मोटरसायकलवाला थांबलेला, मागे बायको, हँडलला पिशवी. पुढची गाडी गेली तसा त्याने गाडी काढली. त्याच्या हिशोबाने दोन गाड्यांच्या मधात जागा होती. मधात नायलॉनचा दोर होता, काळपट निळा, आणि तो त्या उजेडात मलाही दिसला नव्हता. टपरीवाला ओरडला म्हणून म्हणा की बाईने पाठीत बुक्की मारली म्हणून म्हणा, गडी दोरापासून हातभर अलीकडे थांबला. गाडी आडवी झाली, पिशवीतले टमाटर रस्त्यावर. बाईचा गुडघा खरचटला, बस तेवढंच.

थारवाले पुढे जाऊन थांबले. मी मागच्या गाडीत डोकावलो. स्टिअरिंगवर सोळा-सतरा वर्षांचं पोरगं, घामाने डबडबलेलं.

"लायसन आहे का रे?"

"नाही जी."

"ब्रेक कायले नाही मारला?"

"मारला ना जी. ब्रेक लागूनच नाही राहिला."

पुढच्या गाडीत तिघे मोठे होते. तिघांकडेही लायसन होतं. त्यांच्या मते मागे "नुसतं स्टिअरिंग धरून बसायचं" काम, म्हणून पोराला बसवलं.

या एका वाक्यासाठी मी ही पोस्ट लिहितोय. टोचनमध्ये खरा ड्रायव्हर मागचा असतो.

दुसऱ्या दिवशी ओळखीच्या मिस्त्रीकडे गेलो. वय साठीच्या पुढे, सगळे त्यांना काकाजी म्हणतात, जीप आणि जिप्सी सोडून दुसऱ्या गाडीला सहसा हात लावत नाहीत. पोराचा ब्रेक का लागला नाही हे त्यांनी दोन मिनिटांत सांगितलं. ब्रेकच्या पेडलमागे बूस्टर असतो. तो इंजिनच्या जोरावर चालतो. इंजिन बंद म्हटलं की एक-दोनदा पेडल दाबेपर्यंत साठलेला जोर पुरतो, नंतर पेडल दगडासारखं होतं. ब्रेक असतो, पण पायाची सगळी ताकद लावावी लागते. पॉवर स्टिअरिंगचंही तेच. पोराला वाटलं ब्रेक फेल झाला, म्हणून त्याने पायच काढून घेतला. त्याला कुणी आधी सांगितलंच नव्हतं.

आणि चावी! चावी काढून घेतली तर स्टिअरिंग लॉक होतं. पुढची गाडी वळते, मागची सरळ जाते. काकाजी म्हणाले, "भाऊ, चावी काढून खिशात घालणारे पाहिले मी. गाडी चोरीला जाईल म्हणे!"

जून संपता संपता, जंगलाचे गेट पावसाळ्यासाठी बंद व्हायच्या तोंडावर, काकाजींना कोक्याच्या बाजूने फोन आला. एका सफारीवाल्याची जिप्सी, क्लच प्लेट गेलेली, जंगलातल्या अरुंद रस्त्यावर उभी. तिथपर्यंत मोठी क्रेन जायला तयार नव्हती. काकाजी निघाले तर मीही सोबत गेलो. पुढे ओढायला जी गाडी होती ती एक छोटी एसयूव्हीच होती, पण जिप्सी म्हणजे जेमतेम टनभर वजन, त्यामुळे इथे वासराचं काम वासराने करायचं होतं. तरीही बांधायला पाऊण तास लागला.

आधी त्यांनी जिप्सीत बसून ब्रेक तपासला. इंजिन बंद ठेवून, पेडल कडक झाल्यावर, दोन माणसांनी ढकललेली गाडी त्या ब्रेकवर थांबते का ते बघितलं. म्हणाले, थांबली नसती तर हात लावला नसता. ब्रेक नसलेल्या गाडीला टोचन नाही, ती उचलूनच न्यायची.

मग गियर. हा भाग फोर बाय फोरवाल्यांनी नीट वाचा. जिप्सीत दोन लिव्हर असतात. मोठा नेहमीचा गियरचा. बारका असतो तो ट्रान्सफर केसचा, म्हणजे ताकद मागच्या दोन चाकांना द्यायची की चारही चाकांना ते ठरवणाऱ्या पेटीचा. त्या बारक्यालाही न्यूट्रल असतो. काकाजींनी दोन्ही न्यूट्रल केले. बारका न्यूट्रल केला की चाकं फिरली तरी गियरबॉक्स फिरत नाही, निवांत राहतो. फोर व्हीलमध्ये अडकलेली गाडी तशीच ओढली तर टायर, जॉइंट आणि पेटी सगळ्यांची वाट लागते.

पण याच न्यूट्रलमध्ये एक घात आहे. बारका लिव्हर न्यूट्रल असताना तुम्ही मोठा गियर पहिल्यात टाकून उतरलात तरी गाडी थांबत नाही. इंजिनचा आणि चाकांचा संबंधच तुटलेला असतो. उतारावर ती आपली निघते. म्हणून दोर बांधायच्या आधी हातब्रेक आणि चाकामागे दगड. काकाजींचा पोऱ्या दोन गोटे घेऊनच उभा होता.

ऑटोमॅटिक गाडीचं गणित वेगळं. तिच्या गियरबॉक्सला तेल पुरवणारा पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद ठेवून चाकं फिरवत नेली की आतले भाग कोरडे घासतात. न्यूट्रलमध्ये टाकलं म्हणून सुटका होत नाही. मधला ट्रान्सफर केस न्यूट्रल होत असेल तर गोष्ट निराळी, पण तेही त्या गाडीच्या पुस्तकात लिहिलं असेल तरच करायचं. इलेक्ट्रिक गाडी तर सरळ गाडीवर चढवूनच न्यायची. आणि लांब न्यायचं असेल तर जुने मिस्त्री खालचा प्रोपेलर शाफ्ट खोलून ठेवतात, म्हणजे वाद नको.

हुकची बाब. बंपरला बांधू नका, बुलगार्डला तर अजिबात नाही, पाट्यांना आणि स्टिअरिंगच्या रॉडलाही नाही. जिप्सीला, थारला खाली चेसिस असते आणि चेसिसला हुक असतो. पुढच्या छोट्या एसयूव्हीला अशी वेगळी चेसिस नसते, सगळी बॉडीच एकसंध. आजकालच्या बऱ्याच गाड्यांत टूलकिटमध्ये एक स्क्रूचा हुक मिळतो आणि बंपरवरचं चौकोनी झाकण काढून तो बसवायचा असतो. पूर्ण पिळून बसवायचा, अर्धा नाही. आणि तो सरळ ओढीसाठी आहे. चिखलात फसलेली गाडी तिरपी झटके देऊन काढायला तो बनवलेला नाही. झटक्यात हुक तुटला तर ताणलेल्या दोरासोबत गोळीसारखा येतो. वैनगंगेच्या रेतीत थार फसली की चार पोरं दोराच्या बाजूला उभी राहून व्हिडिओ काढतात. त्यांनी निदान दोराच्या लांबीइतकं दूर तरी उभं राहावं आणि दोरावर मधात एक ओलं पोतं टाकावं, तुटला तरी उसळी कमी होते.

काकाजींनी दोर वापरलाच नाही. त्यांच्याकडे लोखंडी दांडा आहे, पुढच्या गाडीच्या हुकला एक टोक, जिप्सीच्या हुकला दुसरं. वर सैलसर साखळी वेगळी, दांडा निसटला तर. दांडा असला की मागची गाडी पुढचीला येऊन धडकत नाही. दोर असेल तर तो सतत ताणलेला ठेवणं हे मागच्या ड्रायव्हरचं काम. पुढचा हळू होतोय असं दिसलं की मागच्याने ब्रेक लावायचा, पुढच्याने लावायच्या आधी. खरं म्हणजे दोन्ही गाड्या थांबवायच्या मागच्यानेच.

त्या दिवशी मागे काकाजी स्वतः बसले. पुढची गाडी त्यांच्या पुतण्याने चालवली, मी त्याच्या बाजूला. काकाजींच्या सूचना दोनच होत्या. वीसच्या वर काटा न्यायचा नाही, आणि वळायच्या, थांबायच्या खूप आधी हात बाहेर काढायचा. आठ-नऊ किलोमीटरला अर्धा तास लागला. मोठ्या रस्त्याला लागल्यावर गाडी बाजूला घेतली आणि तिथून सपाट ट्रकवर चढवून आणली. मालक कुरकुरला, "एवढं आलोच होतो तर भंडाऱ्यापर्यंत ओढून न्यायचं ना काकाजी." काकाजी उत्तर द्यायच्या भानगडीत पडले नाहीत.

कायदा काय म्हणतो ते मी नंतर वाचलं. १९८९ च्या रस्त्याच्या नियमांत टोचनचा नियम अगदी स्वच्छ होता. बंद पडलेली गाडी जवळच्या गॅरेजपर्यंत किंवा पेट्रोलपंपापर्यंत ओढायची. मागच्या गाडीच्या सीटवर ती गाडी चालवायचं लायसन असलेला माणूस पाहिजे, नाहीतर तिची पुढची चाकं उचललेली पाहिजेत. दोन गाड्यांमधलं अंतर ५ मीटरपेक्षा जास्त नको. दोर किंवा साखळी इतरांना सहज दिसेल अशी करायची. मागच्या गाडीच्या पाठीवर पांढऱ्या पाटीवर काळ्या रंगात, ७५ मिलिमीटर उंचीच्या इंग्रजी अक्षरांत 'ऑन टो' लिहायचं. आणि वेग ताशी २४ किलोमीटरच्या वर नाही. २०१७ साली या नियमांच्या जागी नवे वाहनचालन विनियम आले, पण टोचन त्यातही आहेच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर असे विनियम मोडल्यास दंड ५०० ते १,००० रुपये. हा दंड कुणाला झाल्याचं मी वीस वर्षांच्या वार्ताहरकीत ऐकलं नाही.

२४ का, असं मलाही वाटलं. हिशोब केला. ताशी २४ म्हणजे सेकंदाला साडेसहा मीटरच्या वर. ५ मीटरचा दोर म्हणजे मागच्याच्या हातात पाऊण सेकंद. ताशी ५० ला तेच अंतर एका सेकंदाच्या जवळपास तिसऱ्या भागात संपतं. माणसाचा पाय ब्रेकवर जायलाच सेकंदभर लागतो. आणि ५० च्या वेगात गाडीचा जोर २४ च्या मानाने चौपटीहून जास्त. तो जोर कुणी थांबवायचा? सतरा वर्षांच्या पोराने, दगड झालेल्या पेडलवर.

बाहेरच्या देशात लोक असं करत नाहीत का, असं कुणी विचारेल. करतात ना. अमेरिकेत तर रिटायर झालेली मंडळी घरासारखी मोठी बसगाडी घेऊन फिरायला निघतात आणि मागे जीप रँग्लर चारही चाकांवर ओढत नेतात, शेकडो किलोमीटर. मागे माणूसही बसत नाही. पण पुढे जड गाडी, मागे हलकी. मधात त्रिकोणी लोखंडी दांडा, दोन साखळ्या, पुढच्या गाडीच्या ब्रेकसोबत मागचीचे ब्रेक लागतील असं यंत्र, आणि मागचे दिवे वायरने जोडलेले. रँग्लरचा ट्रान्सफर केस न्यूट्रल होतो म्हणूनच ती गाडी या कामासाठी निवडतात. हीच रँग्लर २०२१ पासून आपल्या पुण्याजवळ रांजणगावला जुळवली जाते, पण ती ओढत नेण्याची अमेरिकन पद्धत इथे आलेली नाही. यायचीही गरज नाही म्हणा, आपल्या हायवेवर उलट्या बाजूने येणारे ट्रॅक्टर आहेत.

ब्रिटनमधला एक नियम मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे. स्वतःचे ब्रेक नसलेला ट्रेलर ओढायचा तर त्याचं वजन ७५० किलो किंवा ओढणाऱ्या गाडीच्या निम्मं, यातलं जे कमी ते. म्हणजे सव्वा टनाच्या गाडीमागे सव्वासहाशे किलो. आपण तिच्यामागे त्याच्या जवळपास तिप्पट थार लावतो. मागच्याचा ब्रेक लागला नाही तर ती थार उतारावर पुढच्या गाडीला ढकलते. रस्ता ओला असेल तर पुढची गाडी आडवीच होते.

विम्याचंही सांगतो, कारण इथे लोकांचा मोठा गैरसमज आहे. काही पॅकेज पॉलिसींत एक कलम असतं. तुमच्या गाडीने एक बंद पडलेली गाडी ओढत असाल तर तुमची थर्ड पार्टी जबाबदारी विमा कंपनी मान्य करते, पण पैसे घेऊन ओढत नसाल तरच. आणि मागे ओढल्या जाणाऱ्या गाडीच्या नुकसानीची जबाबदारी ती घेत नाही. म्हणजे मित्राची थार तुमच्यामागे बांधलेली असताना ठोकली गेली तर ते तुमच्या पॉलिसीतून मिळत नाही. "डिझेलचे हजार दे" म्हणून ओढणाऱ्यांनी तर हे कलम दोनदा वाचावं. अपघातग्रस्त गाडी जवळच्या गॅरेजला न्यायला खासगी गाडीच्या नेहमीच्या पॅकेज पॉलिसीत साधारण १,५०० रुपयांपर्यंत खर्च मिळतो. रोडसाइड असिस्टन्स वेगळा घेतला असेल तर सपाट ट्रकच येतो. कितीतरी थारवाल्यांनी तो घेतलेला असतो, माहीत नसतं एवढंच. कागद डिकीत आणि दोर सीटखाली.

आता सार्वजनिक भाग. आपण टोल भरतो. त्या टोलच्या रस्त्यावर रुग्णवाहिका, क्रेन आणि गस्तीची गाडी ठेवणं हे रस्ता चालवणाऱ्यांच्या करारातलं काम आहे. १०३३ हा राष्ट्रीय महामार्गाचा चोवीस तासांचा नंबर आहे. टपरीवर त्या दिवशी जमलेल्या पंधरा-वीस जणांना मी विचारलं, दोघांना माहीत होता. नंबरच माहीत नसेल तर माणूस मेहुण्याला फोन करून दोर घेऊन ये म्हणणारच.

म्हणून जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला निवेदन देतोय. ठाण्यापासून भंडाऱ्यापर्यंत गावांच्या प्रत्येक कटवर १०३३ चा मोठा मराठी फलक लावा, अंधाऱ्या कटवर दिवा लावा. आणि वाहतूक पोलिसांनी हेल्मेटसाठी जशी गाडी अडवतात तशी टोचनची गाडी अडवून मागच्या ड्रायव्हरचं लायसन बघावं. पावती फाडा म्हणत नाही, मागच्या सीटवर मोठा माणूस बसवून पुढे सोडा. पोलिसांपैकी एकाने मला सांगितलं, "भाऊ, बंद पडलेल्या गाडीवाल्याला अजून काय त्रास देता." सहानुभूती समजते. ती मोटरसायकलवाल्यासाठीही असावी.

तुमच्या गावाजवळचा कोणता कट रात्री अंधारात असतो ते मला व्हॉट्सॲपवर कळवा, गावाच्या नावासह. यादी निवेदनाला जोडायची आहे.

आणि काकाजींनी गॅरेजात एक पांढरी पाटी रंगवून टांगून ठेवली आहे, काळ्या अक्षरांची, नियमाच्या मापाने, सोबत दोराला बांधायला लाल फडकी. ज्याला लागेल त्याने न्यावी, पैसे नाहीत, फक्त परत आणून द्यावी. आतापर्यंत दोनदा गेली. एकदा परत आली. दुसऱ्यांदा ज्याने नेली तो ही पोस्ट वाचत असेल तर काकाजी वाट बघत आहेत.